एकोणीसमधून वजा करून भागत नाही

थर्ड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी काय केलंस, असं कोणी विचारलं की मी 'जर्नल पूर्ण केलं' असं ठोकून देतो. खरं म्हणजे दहा दिवस मी एका एक्सेल शीटमध्ये राक्षस भरत होतो. कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क, नॉल, बगबेअर, एक मिनोटॉर. प्रत्येकाचे जुने आकडे एका कॉलममध्ये, नवे शेजारी. आईने मागून डोकावून "सबमिशन का रे?" विचारलं. मी हो म्हटलं. त्या खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून हा लेख समजा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी (आणि आमच्या रेक्टर सरांसाठी, ज्यांनी वीस बाजूंचा फासा ट्यूबलाईटखाली धरून "याच्यावर पैसे लावता का?" असं विचारलं होतं) थोडी ओळख. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ. एकजण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो प्रसंग सांगतो, "समोर दार आहे, आतून कुजबुज ऐकू येतेय. काय करता?" बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करतं ते त्यांनी सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. बस्स. पैसे नाहीत सर, खरंच नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ पहिल्यांदा छापून आणला. तेव्हापासून नियमांच्या आवृत्त्या बदलत गेल्या. आम्ही खेळतो ती पाचवी, २०१४ ची. २०२४ मध्ये तिचीही सुधारित पुस्तकं आली, पण सिलॅबस बदलला म्हणून हॉस्टेलवर जुन्या नोट्स कोण फेकतो?

डीएमने सगळं मनाने रचलं पाहिजे असं नाही. तयार साहसांच्या पुस्तिका मिळतात, त्यांना मोड्यूल म्हणतात. नकाशा, खोल्या, कुठल्या खोलीत कोण, किती, काय माल. मी वापरायला घेतलं ते 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. खुद्द गायगॅक्सने लिहिलेलं, १९७९ च्या अखेरचं, नवशिक्यांच्या 'बेसिक' पेटीतून घरोघरी गेलेलं. मूळ प्रती आता जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे, पण पीडीएफ रीतसर विकत मिळते. वर्गणी काढून घेतली आणि गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून प्रिंट मारली. नकाशा फिकट निळ्या रेघांचा. काकांनी काळ्या-पांढऱ्यात काढल्यावर अर्ध्या भिंती गायबच झाल्या. त्या मी ड्रॉईंगच्या तासाला एचबी पेन्सिलने परत उभ्या केल्या. (सर, तेव्हा मी सेक्शनल व्ह्यूच काढत होतो असं तुम्हाला वाटलं होतं.)

पुस्तिका वाचून मी खुळावलो. सीमेवरचा एक छोटा किल्ला. त्यापलीकडे जंगल, दलदल आणि एक घळ, जिच्या दोन्ही अंगांना गुहाच गुहा. एकेका गुहेत एकेक टोळी, आणि त्या टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या. गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन एका बाजूला, ऑर्क दुसऱ्या बाजूला, कोबोल्ड बिचारे 'आम्हाला कोणी विचारू नका' म्हणून तोंडाशीच दबून. एक ओग्र भाडोत्री, जो पैसे देईल त्याचा. गॉब्लिनांवर संकट आलं की ते त्याच्याकडे अडीचशे सोन्याच्या नाण्यांची पिशवी फेकतात आणि तो सोटा घेऊन बाहेर येतो. आपल्याकडच्या निवडणुकीतही असे ओग्र असतात, पण ते असो.

तर मी हे नव्या नियमांत आणायला बसलो. आता यात अवघड काय? जुन्या खेळात आर्मर क्लास उलटा होता. आकडा जितका लहान तितकं चिलखत भक्कम. बेसिकमध्ये चिलखताशिवाय ९, लोखंडी पत्र्यांचं चिलखत आणि ढाल असेल तर २. नव्यात आकडा मोठा तितका चांगला. म्हणून १९ मधून जुना आकडा वजा करायचा. कोबोल्डचा ७ होता, १९ वजा ७ बरोबर १२. नव्या पुस्तकात कोबोल्डचा आर्मर क्लास बघितला, १२! मला लॅबमध्ये रीडिंग थिअरीशी जुळल्यावर होतो तेवढा आनंद झाला. (खऱ्या रीडिंगबद्दल बोलतोय.) दहा दिवसांत सगळी घळ एक्सेलमध्ये.

सुट्टीनंतर रविवारी संध्याकाळी मेसच्या व्हरांड्यात खेळ मांडला. व्हरांड्यात अशासाठी की आमच्यात दोघी लेडीज हॉस्टेलच्या आहेत आणि त्यांचं गेट रात्री नऊला बंद होतं. एकूण सहाजण. पहिला रविवार बरा गेला. दुसऱ्या रविवारी मी घड्याळाकडे बघायला लागलो. दार उघड, मारामारी. पुढचं दार, मारामारी. एकेक मारामारी पाऊण तास. मारामारी संपली की मंडळी गुहेतच आठ तास झोपायची, नव्या नियमाप्रमाणे ठणठणीत होऊन उठायची आणि पुढचं दार. तिसऱ्या रविवारी फर्स्ट इयरचा पोरगा (सगळ्यात उत्साही, पात्राचं चित्र पोस्टर कलरने काढून आणणारा) जांभई दाबत म्हणाला, "दादा, हे शीटांसारखं झालंय. एक पूर्ण झालं की दुसरं."

चौथ्या रविवारी तो आला नाही. त्याच्याबरोबर इलेक्ट्रिकलची एकजण आली नाही. उरलेल्या चौघांना मी मेसमध्ये चहा पाजला आणि पुस्तिकेला मनसोक्त शिव्या दिल्या. 'जुनं ते सोनं' म्हणणारे म्हातारे कुठल्याही देशातले असोत, सारखेच, वगैरे.

शिव्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या हे मला जानेवारीत कळलं. पुस्तिका ज्या नियमांसाठी होती ते बेसिकचं पुस्तक मी कधी नीट वाचलंच नव्हतं. आकड्यांपुरतं चाळलं होतं. टॉम मोल्डवेने संपादित केलेली १९८१ ची आवृत्ती छोटीशी आहे, कॅल्क्युलसच्या एका युनिटपेक्षा कमी पानांची. वाचता वाचता मी पेन घेतलं आणि गणित मांडलं.

पहिली गोष्ट, अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी. पात्र वरच्या लेव्हलला जातं ते यांच्यावर. नव्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात आणि एक कोबोल्ड मारला की २५ मिळतात. म्हणजे माणशी बारा कोबोल्ड मारा, प्रमोशन घ्या. जुन्या बेसिकमध्ये लढवय्याला दुसऱ्या लेव्हलला २००० लागत आणि कोबोल्ड मारल्याचे मिळत फक्त ५. चारशे कोबोल्ड! त्या अख्ख्या घळीत तेवढे कोबोल्ड नाहीत. मग वर जायचं कसं? सोन्याने. गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या दर एका सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी. म्हणजे हा खेळ मारामारीचा नव्हताच हो! हा खेळ माल घेऊन सटकण्याचा होता. मारामारी म्हणजे प्लॅन फसल्याची खूण. तीच पुस्तिका मी मारल्याचे पैसे देणाऱ्या नियमांवर चालवली, मग पोरं प्रत्येक दार फोडणार नाहीत तर काय करतील? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. जसा मार्किंग स्कीम, तसा अभ्यास.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. बेसिकमध्ये राक्षस समोर आले की ते काय करतात हे आधी ठरलेलं नसे. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तर थेट हल्ला. ३ ते ५ शत्रुत्व. ६ ते ८ म्हणजे समोरचा गोंधळलेला. ९ ते ११ ला हल्ला नाही. १२ ला तर चक्क मैत्री. आता एम-थ्रीत रडतखडत शिकलेली प्रोबॅबिलिटी लावा. बेरीज २ येण्याची शक्यता छत्तीसात एक. गोंधळलेला, छत्तीसात सोळा. याचा अर्थ समोरासमोर आल्याबरोबर निव्वळ फाशाच्या जोरावर तलवार निघते ती छत्तीसातून एकदा. उरलेल्या पस्तीस वेळा बोलायला जागा आहे, मग ती जागा कितीही चिंचोळी असो. माझ्या एक्सेलमध्ये या गोष्टीला कॉलमच नव्हता. मी सगळ्यांना हल्ल्याला सोडलं होतं.

तिसरी, मनोधैर्य. टोळीतला पहिला पडला की, आणि अर्धे पडले की, पुन्हा दोन फासे. बेरीज त्या प्राण्याच्या आकड्याहून जास्त आली तर तो पळतो किंवा हत्यार टाकतो. कोबोल्डचा आकडा ६. छत्तीसातून एकवीस वेळा, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा, पहिला मेल्याबरोबर बाकीचे पळणार. पाऊण तासाची लढाई दहा मिनिटांत आटोपते ती अशी. पाचव्या आवृत्तीतही हे आहे, पण डीएमच्या पुस्तकात मागे कुठेतरी, पर्यायी म्हणून. ऐच्छिक विषयाचं आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

चौथी गोष्ट वेळेची. दहा मिनिटांचा एक 'टर्न', सहा टर्नमध्ये मशाल विझते, दर दोन टर्नला भटक्या राक्षसांसाठी एक फासा, सहात एक शक्यता. एका मशालीच्या आयुष्यात तीन वेळा, म्हणजे साधारण बेचाळीस टक्के. गुहेत आठ तास झोपण्याचा विचारही कोणी करत नसे.

वर्कशॉपमध्ये आमच्या सरांनी एक जुना व्हिटवर्थ बोल्ट हातात दिला होता. अर्धा इंच. कॅलिपर लावला, १२.७ मिमी. कन्व्हर्जन अगदी बरोबर. पण मेट्रिक नट बसवायला गेलो तर बसेना, कारण व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशाचा आणि मेट्रिकचा ६०. पिचही वेगळा. व्यास मोजला, आटे बघितलेच नाहीत. माझ्या एक्सेलचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून माझं मत असं बनलंय की जुनं मोड्यूल आजच्या खेळात जरूर आणावं, पण ज्या दोन-चार नियमांवर ते उभं आहे ते नियम बरोबर उचलून आणावेत. आकड्यांची वजाबाकी केली नाही तरी एकवेळ चालेल.

यावर आमच्या कॉम्प्युटरच्या मित्राचा आक्षेप तयारच होता. "एवढं ठिगळ लावण्यापेक्षा सरळ जुनेच नियम खेळ ना. कम्पॅटिबिलिटी इश्यूच येणार नाही." बरोबर आहे. जुने नियम नव्याने, स्वच्छ भाषेत मांडणारी पुस्तकंही आहेत. 'ऑस्रिक' २००६ मध्ये आलं, 'ओल्ड-स्कूल इसेन्शिअल्स' २०१९ मध्ये. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर खेळावं. पण आमच्या लोकांची पात्रं पाचव्या आवृत्तीची होती, दीड वर्ष जपलेली. इलेक्ट्रिकलवालीच्या जादूगारणीची तर वहीभर डायरी आहे. ती फाडून टाक आणि चार हिट पॉइंटवाली नवी बनव असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? सगळं पाडून नवं बांधायला आमच्याकडे वेळ नसतो. आहे त्या इमारतीला कॉलम जॅकेटिंग करावं लागतं. सिव्हिलवाले दुजोरा देतील.

कंपनीनेही जुनी मोड्यूलं नव्या नियमांत आणली आहेत. १९८३ चं 'रेव्हनलॉफ्ट' घेऊन त्याभोवती २०१६ मध्ये 'कर्स ऑफ स्ट्राड' हे मोठं पुस्तक रचलं, ते मला फार आवडतं, कारण नुसते आकडे न बदलता त्यांनी वाड्याभोवतीचा सगळा मुलूख नव्याने उभा केला. २०१७ च्या 'टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल'मध्ये सात जुनी साहसं एकत्र आहेत, आणि ती वाचताना मला माझी एक्सेल शीट आठवत राहते. त्यातलं 'टूम ऑफ हॉरर्स' तर मूळचं १९७५ च्या एका संमेलनातल्या स्पर्धेसाठी लिहिलेलं. भिंतीवरच्या हिरव्या सैतानाच्या जबड्यात शिरलात की नाहीसे, फासा नाही, दाद-फिर्याद नाही. स्पर्धेत ठीक. पण दीड वर्ष जपलेलं पात्र त्या जबड्यात घालायला लावणाऱ्या डीएमला मेसमध्ये कोणी ताट वाढू नये. आमच्या 'कीप'वरून तर २०२५ मध्ये नवशिक्यांची नवी पेटीही निघाली. मूळ पुस्तिकेची चव घ्यायची तर मूळच वाचावी, एवढंच म्हणतो.

फेब्रुवारीत मी सहाही जणांना परत बोलावलं. फर्स्ट इयरच्या पोराच्या रूमवर जाऊन सांगितलं, "एक रविवार ये, नाही आवडलं तर माझ्याकडून मिसळ." नवे नियम एका पानावर लिहिले होते. एक, किल्ल्यात परत आणलेल्या सोन्याचेच एक्सपी, दुसऱ्या लेव्हलला सगळ्यांना २०००. दोन, अनोळखी प्राणी भेटला की दोन फासे. तीन, मनोधैर्य. चार, मोठी विश्रांती फक्त किल्ल्यात. पाच, उजेडाचा मंत्र फुकट नाही. (पाचव्या आवृत्तीत तो मंत्र कितीही वेळा म्हणता येतो, मग मशाली विकत कोण घेणार? यावर जादूगारणीने पाऊण तास भांडण केलं. शेवटी तहात तिला रोज एकदा फुकट मिळाला.) आणि सहा, साडेआठला जिथे असाल तिथून परत फिरायचं. हा नियम माझा नव्हता, लेडीज हॉस्टेलच्या गेटचा होता. पण तोच सगळ्यात चांगला ठरला. दर रविवारी किल्ल्यातून निघायचं, किल्ल्यात परत यायचं. कोणाची ओरल असेल, कोणी गावी गेला असेल, तरी खेळ अडत नाही. त्या सुरुवातीच्या काळातही मोठ्या गटांचा खेळ असाच चाले, आज हे सहा, उद्या ते पाच. आम्हाला ते गेटमुळे कळलं.

पहिल्याच दिवशी कोबोल्ड भेटले. दोन फासे, बेरीज १०. सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "भाले रोखलेत, पण मारत नाहीयेत. त्यांच्यातला म्हातारा विचारतोय, काय पाहिजे?" तीन सेकंद शांतता. मग फर्स्ट इयरचा पोरगा पुढे सरसावला आणि त्याने गुळ-शेंगदाण्यापासून गॉब्लिनांच्या बातमीपर्यंत असा काही सौदा केला की त्याचं मूळ गाव बाजारपेठेचं आहे हे सगळ्यांना पटलं. पुढच्या महिन्यात त्यांनी ओग्रला फोडलं. गॉब्लिन अडीचशे देतात हे कळल्यावर यांनी तीनशे दिले. पण ते तीनशे किल्ल्यात पोचले नाहीत, म्हणजे तीनशे एक्सपी स्वतःच्या हाताने ओग्रला दिले! द्यायचे की नाहीत यावर अर्धा तास वाद झाला. एकही फासा न टाकता. मी नुसता चहा पीत ऐकत होतो.

इथवर हा लेख सरळ आहे. पुढचं लिहू की नको असं झालं होतं.

माझ्या दिवाळीच्या एक्सेलमध्ये एक ओळ होती. कोबोल्डांच्या गुहेतली शेवटची मोठी खोली, तिथे टोळीतल्या बायका आणि आठ पिल्लं. पिल्लं लढत नाहीत, असं पुस्तिकेतच आहे. ती ओळ मी डिलीट केली होती. मारामारीला उपयोग नाही आणि उगाच ऑकवर्ड होतं. दुसऱ्या वेळी पुस्तिका जशी आहे तशी चालवायची ठरवलं होतं, म्हणून ओळ परत आली.

मार्चमध्ये कोबोल्डांशी केलेला करार मोडला. आमच्याच लोकांनी मोडला, लोभाने. लढाई झाली, मुखिया पडला, बाकीचे पळाले. आणि मंडळी त्या खोलीत शिरली. पुढे काय करायचं, पुस्तिकेत एक अक्षर नाही. मी वर्णन करून गप्प बसलो. मेकॅनिकलचा म्हणाला, "मोठी होऊन हेच करणार. जातच तशी आहे ना त्यांची, पुस्तकात 'केऑटिक' लिहिलंय." तो वाईट मुलगा नाही. नियमाप्रमाणे बोलत होता.

आमच्यातला सोलापूरचा मित्र तोवर काही बोलला नव्हता. तो म्हणाला, "माझे पणजोबा सेटलमेंटमध्ये जन्मले. तारेच्या कुंपणात. त्यांच्याही नावापुढे जन्मल्याबरोबर लिहिलं होतं." १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मला नव्हता. इंग्रजांनी कित्येक जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, हजेऱ्या लावल्या, कुंपणात ठेवलं. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्याचाच. एवढं त्याने सांगितलं आणि म्हणाला, "माझं पात्र दारात उभं राहतं. आत कोणी जाणार असेल तर आधी माझ्याशी."

त्या दिवशी आठला खेळ थांबला. कोणी आत गेलं नाही.

मी त्या रात्री झोपलो नाही, असं लिहिलं तर नाटकी होईल. झोपलो, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या रूमवर गेलो आणि सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "तू ते काढून टाकलं असतंस तर मी हे कधी बोललोच नसतो. पण आधी एकदा मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं." दोन्ही वाक्यं मी अजून डोक्यात घोळवतोय. जुन्या पुस्तकांतलं खुपणारं सगळं आधीच कापून टाकावं असं म्हणणारे आहेत, आणि एका शब्दाला हात लावू नये म्हणणारेही. कंपनीने २०२० पासून जुन्या पीडीएफवर एक सूचना टाकली आहे, की यातलं काही आजच्या मूल्यांशी जुळणारं नाही. सूचना टाकली ते बरं केलं. पण त्या खोलीच्या दारात उभं राहायचं काम सूचना करत नाही, ते टेबलावरच्या माणसांनाच करावं लागतं. आणि त्या माणसांना आधी विचारण्याचं काम डीएमचं. मी ते केलं नव्हतं.

सगळंच जपून ठेवावं असंही नाही. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती. तो नियम मी वाचून दाखवल्यावर इलेक्ट्रिकलवालीने (हीच ती जादूगारण, हॉस्टेलच्या कॅरम टेबलाचं एक टोक एकटीने उचलणारी) माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यावर चर्चा करण्यासारखंही काही नाही, फेकून द्यायचा. १९८० च्या 'डिइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये आपले इंद्र, अग्नी, विष्णू हिट पॉइंटसकट छापलेत. आम्ही ते हसून बाजूला ठेवलं. राक्षस तर १९७७ पासून त्यांच्या पुस्तकात आहे, वाघाच्या तोंडाचा, पाईप ओढणारा, आणि मंत्रवलेल्या बाणाने खलास होणारा. त्याला मात्र मी ठेवलाय. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाशी त्याचं नातं दूरचं, पण पाईप झकास आहे.

मंडळींनी नंतर पिल्लांचं काय केलं, हे ज्यांना कळायला हवं त्यांना कळलंय. एवढंच सांगतो की पळालेले कोबोल्ड परत आले, आणि आता किल्ल्यात गॉब्लिनांच्या बातम्या कोण पोचवतं यावर किल्लेदाराला संशय आहे.

पुढच्या टर्मला माझं फायनल इयर प्रोजेक्ट आहे, म्हणून डीएमची खुर्ची सोलापूरकर घेणार आहे. या लेखात त्याचं नाव घालू का विचारलं तर "गोष्ट घाल, नाव नको" म्हणाला. गायगॅक्सने पुस्तिकेत एक गुहा मुद्दाम कोरी सोडली आहे, ती डीएमने स्वतः रचायची. मी तिला हात लावला नव्हता. त्याने ग्राफ पेपर आणलेत, दार कायम बंद असतं आणि आम्हाला कोणाला बघू देत नाही. किल्ल्यातल्या माणसांना मूळ पुस्तिकेत नावं नाहीत, नुसते हुद्दे, तीही तोच घालतोय. सावकाराच्या नावावरून मात्र अजून वाद चालू आहे. कोणाला सुचलं तर रविवारी पाच वाजता मेसच्या व्हरांड्यात या. फासे आमच्याकडे आहेत, पेन्सिल आपापली आणा.